एका फॉरवर्डनंतर उडालेली झोप

“एक चित्र पुढे पाठवले, तेवढ्यावरून पोलीस घरी येतात का?” हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे अधूनमधून येतोच. अशीच एक हकिकत, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आईबरोबर आला होता. देवाची थट्टा करणारे एक व्यंगचित्र मूळ ठिकाणावरून काढून टाकले गेले, म्हणूनच त्याने ते हट्टाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. एका भाऊजींनी तक्रारीची धमकी दिली. त्याने चित्र पुसले. पण पुढचे तीन आठवडे दाराची बेल वाजली की तो आतल्या खोलीत जाऊन बसे. आईला त्याचा मोबाइल काढून घ्यायचा होता आणि तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हवाला देत होता.

त्याची भीती निराधार आहे, असे मी म्हटले नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाली होती आणि त्यांतल्या एकीने तर तो केवळ ‘लाइक’ केला होता. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) ने घातलेले वाजवी निर्बंध कायम आहेत. आणि भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल शिक्षा सांगते, मात्र त्यासाठी कृत्य हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेले असावे लागते. हे त्याच्या प्रकरणाला कितपत लागू पडते, ते सांगणे वकिलाचे काम. म्हणून मी त्यांना आधी वकिलाकडे पाठवले. (समुपदेशकाने इथे वकिली करू नये, असे माझे ठाम मत आहे.)

वकिलांनी बराच धीर दिला, तरी झोप परतली नाही. तेव्हा मी विचारले, “भाऊजींनी काहीच लिहिले नसते, तर?” बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “आत्याने काही न लिहिता ग्रुप सोडला.” लहानपणी आई नोकरीवर गेली की तो याच आत्याकडे असे.

चित्र काढून टाकायला नको होते, हे त्याचे मत आजही तसेच आहे आणि मी त्यावर वाद घातला नाही. पण ते आत्याच्या देवघराशेजारी नेऊन ठेवण्याचा निर्णय त्याचा होता, एवढे त्याने स्वतःच मान्य केले. त्या आठवड्यात त्याने तिला फोन केला. चित्राचा विषय तिने काढलाच नाही. दिवाळीपासून तुमच्याकडे राहिलेला माझा डबा रविवारी घेऊन ये, म्हणाली.