व्हेज चिली घरी केली की राजम्याची भाजीच का होते?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकन पाककृती बघून व्हेज चिली (मिरचीतल्या मांसाच्या दाट रश्श्याचा राजमा घातलेला शाकाहारी प्रकार) केली, सांगितल्याप्रमाणे तीन टेबलस्पून 'चिली पावडर' घातली, तोंड पोळलं, आणि एवढं करूनही चव राजम्याच्या भाजीचीच. दोन्हींचं मूळ मसाल्यात आहे.

अमेरिकेत चिली पावडर म्हणून जी डबी मिळते तिच्यात नुसती मिरची नसते. सौम्य मिरच्या, जिरं, ओरेगानो आणि लसूण यांचं ते मिश्रण. टेक्सासमधल्या न्यू ब्राउनफेल्सच्या विल्यम गेबहार्टने १८९०च्या दशकात ते विकायला सुरुवात केली. त्या मापाने आपलं लाल तिखट घातलं तर जेवण संपलंच! मग तिखटपणा झाकायला हात आपोआप धणेपूड आणि गरम मसाल्याकडे जातो, आणि तिथे राजमा मसाला सुरू होतो. चिलीत आलं, हळद, गरम मसाला यांपैकी काही नको. मिरचीचा गर, जिरं आणि ओरेगानो, एवढ्यावर ती उभी असते. हॉटेलातल्या पनीर चिलीशी तिचं नातं फक्त नावापुरतं.

खालचं माप चार-पाच जणांचं आहे.

सव्वा वाटी राजमा (साधारण २५० ग्रॅम) रात्रभर भिजवा. चित्रा राजमा चालेल; कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळाला तर मी तोच घेईन, तो लोण्यासारखा मऊ शिजतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात एक चमचा मीठ घालून कुकरला लावा: मोठ्या आचेवर एक शिटी, मग बारीक आचेवर १५ मिनिटं. मिठाने कडधान्य कडक राहतं हा गैरसमज आहे. कडक ठेवतं ते आंबट, म्हणून टोमॅटो राजमा पूर्ण शिजल्यावरच. शिजवलेलं पाणी फेकू नका, चिलीला अंगचा दाटपणा त्यातूनच येतो. परदेशात राहून स्लो कुकर वापरणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कच्च्या लाल राजम्यात एक विषारी प्रथिन असतं आणि ते मंद उष्णतेत मोडत नाही. राजमा आधी खळखळ उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवून मगच त्यात टाका, नाहीतर उलट्या-जुलाब ठरलेले.

आता मिरची, इथे घाई नको. ब्याडगी ८ आणि काश्मिरी ४ घ्या. देठ आणि बिया काढा, कोरड्या तव्यावर बारीक आचेवर अर्धा मिनिट फिरवा. वास सुटला की उतरवा; काळे डाग पडले तर अख्खं भांडं कडू होतं आणि ते गुळानेही सुधारत नाही. गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून लसणाच्या ६ पाकळ्यांबरोबर गंधासारखं बारीक वाटा. सालं जाडसर राहिली तर गाळून घ्या. तिकडे चिपोतले, म्हणजे धुरावलेली वाळकी हालापेन्यो, घालतात. इथे तो धूर हवा असेल तर एक सिमला मिरची गॅसच्या आचेवर सालं काळी होईपर्यंत भाजा, सोला आणि चिरून घाला.

मांसाची जागा भरायला अर्धी वाटी सोया ग्रॅन्युल्स. गरम पाण्यात १० मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळा, नाहीतर त्यांचा उग्र वास शेवटपर्यंत राहतो. जाड बुडाच्या पातेल्यात तीन टेबलस्पून तेलावर आधी हेच तांबूस परता आणि काढून ठेवा. सोया आवडत नसेल तर २०० ग्रॅम बटण मशरूम बारीक चिरून, पाणी आटेपर्यंत परता.

त्याच तेलात दोन मोठे कांदे कडा तपकिरी होईपर्यंत. मग मिरचीचं वाटण टाका आणि तेल सुटेपर्यंत, ५-६ मिनिटं, सतत हलवत परता. कच्चं राहिलं तर मिरची वेगळी आणि भाजी वेगळी लागते. दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, दीड चमचा ओरेगानो हातावर चुरडून. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पाकिटातलं चालेल, पण नुसतं ओरेगानो बघून घ्या. 'मिक्स' असेल त्यात बरंच दुसरं असतं. त्यावर ४०० ग्रॅम टोमॅटोचा रस, एक टेबलस्पून सोया सॉस, एक चमचा बिनसाखरेचा कोको. कोको चवीला कळत नाही, रंग आणि खोली मात्र देतो. राजमा पाण्यासकट घाला, सोया किंवा मशरूम घाला, आणि झाकण अर्धवट ठेवून बारीक आचेवर ४० मिनिटं. खाली लागतं, अधूनमधून बुडापासून हलवा. मीठ शेवटीच चाखून घाला, सोया सॉस खारट असतो.

पातळ वाटली तर शेवटच्या १० मिनिटांत दीड टेबलस्पून मक्याचं पिवळं पीठ, थोडं भाजून, गार पाण्यात कालवून घाला. मंचुरियनला लागतं ते पांढरं कॉर्नफ्लॉवर नको, त्याने चिली चकचकीत आणि बुळबुळीत होते. उतरवल्यावर अर्ध्या लिंबाचा रस. चव सपाट वाटली तर बहुतेक वेळा मीठ नाही, हे लिंबूच कमी असतं.

टेक्सासच्या विधानसभेने १९७७ मध्ये चिलीला राज्याची अधिकृत डिश ठरवलं, पण तिथले कट्टर लोक तिच्यात राजमासुद्धा चालवून घेत नाहीत. त्यामुळे आपली चिली 'अस्सल' आहे की नाही या वादात पडू नका. वर घट्ट दही, कच्चा कांदा, कोथिंबीर, किसलेलं चीज घ्या. बरोबर तिकडे मक्याचा ब्रेड खातात, आपल्याकडे मक्याची भाकरी चांगली जाते. आणि जमलं तर आदल्या दिवशी करून ठेवा, मिरची रात्रभरात मुरते.