चुलीचा धूर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी कोकणातून आलेल्या पत्रांमध्ये लाकडाच्या चुलीविषयीची चार पत्रे आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न: माझ्या सासूबाईंना चढ चढताना धाप लागते आणि पहाटे खोकल्याची उबळ येते. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असे निदान केले आहे. त्यांनी कधीही विडी ओढलेली नाही. घरात गॅस आहे, परंतु पेज, भाकरी आणि मासळीचे कालवण त्या आजही चुलीवरच करतात. हा आजार चुलीमुळे झाला असेल का, आणि आता चूल बंद करून काही उपयोग होईल का?
(एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर: एका व्यक्तीच्या आजाराचे कारण पत्रावरून ठरवता येत नाही, हे मान्य करूनही आपली शंका रास्त आहे असे म्हणावे लागेल. हा विकार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचाच, असा समज डॉक्टरांमध्येही दीर्घकाळ होता. पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि त्यांचे सहकारी पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचा आढावा घेतला आणि लाकूड, शेणी व काटक्या यांच्या धुराकडे जगभरातील या आजाराचे एक मोठे कारण म्हणून लक्ष वेधले. चुलीच्या धुराची मोजणी त्याच्याही पूर्वी झाली होती. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेतील प्रदूषण मोजले आणि १९८३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रदूषण म्हणजे शहरातील कारखाने, असे मानण्याच्या त्या काळात खेड्यातील स्वयंपाकघराची हवा किती वाईट असू शकते, हे त्यातून दिसले.

अपाय कसा होतो, तेही समजून घ्यावे. लाकूड पूर्ण जळाले तर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि राख एवढेच उरले पाहिजे, परंतु उघड्या चुलीत हवा आणि ज्वाला नीट मिसळत नाहीत, त्यामुळे अर्धवट जळालेले कण व वायू बाहेर पडतात. यांतील २.५ मायक्रॉनहून लहान कण नाकातील केसांत किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि तेथे वर्षानुवर्षे दाह चालू ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार एका घनमीटर हवेत अशा कणांची चोवीस तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. चूल पेटलेली असताना बंदिस्त स्वयंपाकघरात हा आकडा कित्येक शेकड्यांत आणि पुष्कळदा हजारांत जातो. धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. चुलीपुढे बसल्यावर डोके जड होते त्यामागे हेही एक कारण असते. लाकडाच्या घरगुती धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले आहे. मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशीही त्याचा संबंध आढळतो. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

चूल बंद केल्यावर सर्व काही पूर्ववत होईल, असे आश्वासन मात्र देता येत नाही. भारतासह (येथे तमिळनाडूत) चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली. तीत गॅस दिलेल्या घरांतील धूर पुष्कळ कमी झाला, तरी बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक दिसला नाही. आयुष्यभराच्या धुराचा परिणाम काही महिन्यांत पुसला जात नाही, किंवा घरातला धूर गेला तरी शेजारचा येतच राहतो, असा त्याचा अर्थ असू शकतो. सासूबाईंची गमावलेली फुप्फुसक्षमता परत येणार नाही, परंतु धूर थांबला तर पुढील ऱ्हास मंदावू शकतो आणि खोकल्याच्या तीव्र उबळी कमी होऊ शकतात. एवढ्या लाभासाठीही चूल थांबवणे निःसंशय योग्य आहे. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर त्यांनी बरे वाटल्यावर परस्पर बंद करू नये आणि फुंकणी हाती घेऊ नये. आणखी एक विनंती आहे. सून गॅसपाशी आणि सासू चुलीपाशी, अशी कामाची वाटणी अनेक घरांत आपोआप झालेली असते. ती प्रथम मोडावी, कारण ज्या फुप्फुसांना धूर सर्वांत कमी सोसतो, त्यांच्याच वाट्याला तो सर्वांत अधिक येतो.

प्रश्न: आमची आंबा-काजूची बाग आहे. छाटणीची लाकडे, झावळ्या, करवंट्या हेच आमचे सरपण असते, त्यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. गॅस तर परदेशातून बोटीने येतो. मग आमची चूल पर्यावरणाला घातक कशी?
(एक वाचक, देवगड)

उत्तर: आपल्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे आणि ते प्रथम मान्य केले पाहिजे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील बहुतेक जंगल खाजगी मालकीचे आहे. तेथे सरसकट तोड होते आणि ऐन-किंजळीचे लाकूड ट्रक भरभरून भट्ट्यांना व बॉयलरना जाते. डोंगर उघडे पडण्याचा दोष डोक्यावरून काटक्यांचा भारा आणणाऱ्या बाईवर टाकणे अन्यायाचे आहे. छाटणीच्या फांदीतील कार्बनही झाडाने हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढची पालवी तो पुन्हा घेते.

अडचण आहे ती अर्धवट ज्वलनाची. धुरातून मिथेन आणि काजळीचे काळे कण बाहेर पडतात, आणि ते कोणतेही झाड परत शोषून घेत नाही. हे कण हवेत काही दिवस ते दोनेक आठवडेच टिकतात, परंतु तेवढ्या काळात सूर्याची उष्णता शोषतात, आणि हिमालयाच्या बर्फावर बसले तर ते वितळण्याचा वेग वाढवतात. दुसरी बाब अपव्ययाची आहे. साध्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम आठवा-दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक मिळतो. त्या हिशेबाने १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करण्यासाठी सुमारे २०० किलो वाळलेले लाकूड जाळावे लागते. हा सगळा भार वाहणे, फोडणे आणि रचणे हे बहुधा घरातील स्त्रियांचेच काम असते, हेही हिशेबात धरावे.

गॅस खनिज इंधन आहे आणि भारत आपल्या गरजेचा निम्म्याहून अधिक गॅस आयात करतो, हे खरे आहे. तरीही तो जवळजवळ पूर्ण जळतो, म्हणून स्वयंपाकापुरता विचार केल्यास माझा कौल त्याच्याच बाजूने आहे. गोठ्यात गुरे असतील तर गोबरगॅस त्याहूनही चांगला, कारण कोकणातील उबदार हवा त्याला मानवते. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि ते चार-पाच माणसांच्या स्वयंपाकाला पुरते. आपल्याकडील गुरे लहान चणीची असल्याने शेण प्रथम काही दिवस प्रत्यक्ष तोलून पाहावे आणि मगच आकार ठरवावा. छाटणीचा पालापाचोळा आंब्याच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा. जांभ्याच्या उथळ जमिनीला त्याची फार गरज असते.

प्रश्न: स्वयंपाक गॅसवर होतो, परंतु आंघोळीचे पाणी मागल्या पडवीत चुलीवरच तापते. पावसाळ्यात लाकडे ओली असतात, म्हणून प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा घालून ती पेटवतो. चूल घराबाहेर असल्याने धुराचा त्रास होत नसावा ना?
(एक वाचक, कुडाळ)

उत्तर: होतो. कोकणात गॅस पोहोचलेल्या घरांत आता उरलेला धूर मुख्यतः या पाण्याच्या चुलीचा असतो, आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. पडवीतला धूर दारातून, खिडकीतून आणि कौलांच्या फटींतून माजघरात येतो. पावसाळी दमट हवेत तो वरही चढत नाही.

प्लास्टिक आणि टायर आजपासून बंद करावेत, यात तडजोड नको. पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळले की डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात, आणि कोणती पिशवी कशाची आहे हे चुलीपाशी बसून ओळखता येत नाही. काजूबियांची टरफलेही जाळू नयेत, त्यांच्या तेलाची वाफ कातडी आणि डोळे पोळते. जुन्या होडीचे किंवा दारा-खिडक्यांचे रंगवलेले लाकूडही चुलीत जाता कामा नये.

ओल्या लाकडाचा प्रश्न जूनमध्ये सुटत नाही, तो आदल्या हिवाळ्यातच सोडवावा लागतो. ताज्या तोडीच्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते उकळण्यात उष्णता जातेच, परंतु त्याहून मोठे नुकसान असे की ज्वाला थंड पडते आणि धूर न जळता तसाच बाहेर येतो. लाकूड डिसेंबर-जानेवारीतच मनगटाएवढे बारीक फोडावे, दगडांवर किंवा बांबूंवर उंच रचावे आणि वरून झाकून बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशीच येते. टोकांना चिरा पडल्या आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज आला, की ते वाळले असे समजावे. पेटवण्यासाठी नारळाची वाळलेली सोडणे (बाहेरची काथ्याची साले) आणि करवंटी पुरेशी होतात.

चुलीला धुराडे बसवल्यास ते कौलांच्या आढ्याहून दोन-तीन फूट उंच न्यावे आणि आतली काजळी दर महिन्याला काढावी, अन्यथा ते तुंबते आणि धूर उलटा घरात येतो. ऑक्टोबर ते मे या काळात सौर बंब उत्तम काम देतो. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत त्यावर विसंबता येत नाही, तेव्हा गॅस, विजेचा बंब किंवा वाळलेल्या लाकडाची धुराडे असलेली चूल, यांपैकी एखादी सोय ठेवावी.

प्रश्न: धुराने वाशांना वाळवी आणि भुंगे लागत नाहीत, असे आमचे वडीलधारे सांगतात. चूल बंद केल्यास छपराचे काय?
(एक वाचक, राजापूर)

उत्तर: वडीलधाऱ्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. धुरातील डांबरी द्रव्यांचा थर लाकडावर बसतो आणि माळा कोरडा राहतो, त्यामुळे कीड कमी लागते. हेच द्रव्य माणसांच्या श्वासातही जाते. चूल बंद केल्यावर वाशांना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातील मिश्रण लावावे. हातमोजे घालून, लाकूड पूर्ण कोरडे असताना, दोन-तीन हात द्यावेत. गळकी कौले मात्र आधी बदलावीत, कारण हे मिश्रण पाण्याने धुऊन जाते आणि वाळवीला ओलावाच लागतो.