गेम सर्व्हरवरून तिसऱ्यावरच मारा कसा होतो?

प्रश्न : गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत मी लहानसे संगणक केंद्र चालवतो. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की मुले संध्याकाळी ‘क्वेक ३’ खेळायला येतात. मुंबई-पुण्याला गेलेल्या त्यांच्या मित्रांनाही खेळता यावे म्हणून फायबर जोडणीवर सर्व्हर कायम चालू ठेवला असून त्याला पासवर्डही दिला आहे. तुमच्या पत्त्यावरून परदेशातील एका सर्व्हरवर मारा होत असल्याची नोटीस आता नेटवाल्याने दिली आहे. अँटिव्हायरसला काहीच सापडले नाही. माझे यंत्र हॅक झाले आहे काय?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तसे वाटत नाही. आपला सर्व्हर त्याचे नेहमीचेच काम करीत असावा, आणि दोष नेमका त्या कामाच्या पद्धतीत आहे. हा गेम यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीवर चालतो. टीसीपी या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे बोलणे सुरू होण्याआधी समोरच्या पत्त्याची खातरजमा करण्याची पायरी यूडीपीत नाही. त्यामुळे हल्लेखोर पाकिटावर, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यावर, प्रेषक म्हणून दुसऱ्याचाच पत्ता घालतो आणि आपल्या सर्व्हरकडे ‘गेटस्टेटस’ ही चौकशी पाठवतो. ही चौकशी अवघी 13 बाइटची असते. उत्तरात मात्र सर्व्हरच्या मांडणीचा तपशील आणि प्रत्येक खेळाडूचे नाव, गुण व पिंग (संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) जाते, म्हणजे संध्याकाळी मुले जमतील तसतसे उत्तर फुगत जाते. ते सारे ज्याचा पत्ता चोरला त्याच्या अंगावर आदळते. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने 2014 साली दिलेल्या इशाऱ्यात क्वेकच्या प्रोटोकॉलमध्ये (संवादाच्या नियमांत) चौकशीच्या तुलनेत उत्तराची ही वाढ 63.9 पट नोंदवली आहे. पासवर्डचा येथे उपयोग नाही, कारण तो खेळात शिरताना विचारला जातो. चौकशीला उत्तर त्याआधीच गेलेले असते.

खात्रीसाठी ‘टीसीपीडम्प’ या वाहतूक नोंदवणाऱ्या साधनाने 27960 या पोर्टवरची, म्हणजे गेमच्या ठरलेल्या दारावरची, वाहतूक पाहावी. एकाच पत्त्यावरून सेकंदाला शेकडो चौकश्या येत असतील आणि तो पत्ता कधीच खेळात शिरत नसेल, तर प्रकार हाच आहे. मात्र तो पत्ता हल्लेखोराचा नसून बळी पडलेल्याचा आहे, हे कृपया ध्यानात ठेवावे. त्याच्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे मार खाणाऱ्यालाच पुन्हा मारणे होय.

उपाय अवघड नाही. मूळ जुना सर्व्हर-प्रोग्राम काढून ‘आयओक्वेक३’ या त्याच गेमच्या सुधारित प्रोग्रामची ताजी आवृत्ती बसवावी, ती एकाच पत्त्याला वारंवार उत्तर देत नाही. लिनक्स असल्यास फायरवॉलमध्येही एका पत्त्याच्या किती चौकश्या घ्यायच्या याची मर्यादा घालावी. यापेक्षा पक्का मार्ग म्हणजे मोठे उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याला एक छोटा आकडा पाठवून तो परत मागणे, कारण खोटा पत्ता घालणाऱ्यापर्यंत तो आकडा पोहोचतच नाही. व्हॉल्व्ह या गेम बनवणाऱ्या कंपनीने आपल्या सर्व्हरांच्या माहिती-चौकशीला ही अट 2020 च्या अखेरीस जोडली. इतकी साधी तपासणी यायला इतका उशीर व्हावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खोट्या पत्त्याची पाकिटे जिथून निघतात तिथेच अडवावीत, ही शिफारस इंटरनेट सेवादात्यांसाठी ‘बीसीपी ३८’ या नावाने 2000 सालापासून लिहिलेली आहे. ती सर्वांनी पाळली असती तर आपल्याला नोटीस आलीच नसती. नेटवाल्याला उत्तर देताना टीसीपीडम्पची नोंद सोबत जोडावी आणि सर्व्हर कोणत्या वेळी बदलला तेही लिहावे, म्हणजे बाहेर जाणारी वाहतूक त्यानंतर घटली की नाही हे त्यांना त्यांच्या बाजूने पडताळता येईल.