मातीतले प्रोटोझोआ मोजायला बसण्याआधी

भाऊ, केळीच्या बागेतली काळी माती आणलीस ना? ती उन्हात वाळवू नकोस. एप्रिलमधलं जळगावचं ऊन तुला माहीत आहे. माती सुकली की बरेच प्रोटोझोआ, म्हणजे एका पेशीचे सूक्ष्म जीव, स्वतःभोवती कोष (संरक्षक कवच) करून गप्प बसतात. ओलीच चाळ आणि लवकर कामाला लाग.

सरळ मायक्रोस्कोपखाली मोजायचा मोह होईल, मलाही झाला होता. आपल्या चिकण मातीत अमीबा कणांना चिकटून बसतो आणि चिखलाशिवाय काही दिसत नाही. म्हणून पातळ करत जायचं आणि वाढवून मोजायचं. बी. एन. सिंग यांनी 1946 मध्ये मांडलेली काचेच्या कड्यांची पद्धत हेच करते: मिठाच्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) कडी, प्रत्येक कड्यात खाद्य म्हणून जिवाणू आणि वर पातळ केलेल्या मातीचा थेंब. आता कड्यांऐवजी 96 खळग्यांची प्लेट वापरतात. एकेक जीव मोजायचा नाही, कुठल्या खळग्यात वाढ झाली एवढंच बघायचं आणि त्यावरून एमपीएन, म्हणजे सर्वांत संभाव्य संख्या, काढायचा. घाई नको, काही जाती आठवड्यानंतरच दिसतात. प्लेट मात्र झाकून ठेव, आमची एकदा चक्क सुकली होती.

कोष किती, हे हवं असेल तर त्याच मातीचा दुसरा भाग 2 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेव. हलते जीव मरतात, कोष टिकतात. एकूण संख्येतून ते वजा कर, म्हणजे हलते किती होते ते कळेल. आकडा अंदाजाचाच असतो. आणि हो, थोडी माती 105 अंशांवर वाळवून ओलावा काढ. आकडा कोरड्या मातीच्या ग्रॅममागे लिहायचा.