पायांची आग, मालिश आणि मावशींना सांगायचं का?

प्रश्न : ताई, मी ४८ वर्षांची आहे, सांगली जिल्ह्यात राहते. २००८पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू आहेत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, आता तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. पण रात्री अंथरुणावर पडलं की दोन्ही तळपायांची आग आग होते, मुंग्या येतात, पांघरूण लागलेलंही सोसत नाही. आमच्या वाडीत बाळंतिणींना मालिश करणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्याकडून पाय चोळून घेतले तर नसा सुधारतील का? त्यांना माझ्या आजाराचं सांगावं लागेल का? माझ्यामुळे त्यांना काही झालं तर, या विचाराने पाऊल पुढे पडत नाही.

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुम्हाला जास्त छळतोय तो तोच. तुमचे पाय चोळून मावशींना काहीही होणार नाही. एचआयव्ही कातडीला कातडी लागून, घामातून किंवा तेलातून पसरत नाही. हातमोजे नकोत, तेलाची वाटी वेगळी ठेवायला नको. मालिश करणाऱ्याला सांगण्याची सक्तीही तुमच्यावर नाही. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याने ते तुमच्या मर्जीवर ठेवलंय. टाचेची भेग चिरून रक्त येत असेल, तर ती भरेपर्यंत तिथे हात लावू देऊ नका. हे मी कोणालाही सांगते, आजार असो वा नसो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एआरटी केंद्रातून आलेली माणसं बरीच वर्षं पाहते आहे. तुम्ही २००८ लिहिलंत तेव्हाच स्टाव्हुडीन हे एचआयव्हीवरचं जुनं औषध आठवलं. तेव्हा सरकारी केंद्रांतल्या गोळ्यांत ते सर्रास असायचं. त्याने नसांना इजा होते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००९मध्ये ते टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितलं. औषध बंद झालं, पण कित्येकांच्या पायांची आग राहून गेली. शिवाय हा विषाणू स्वतःही नसांना त्रास देतो. शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा आधी दुखावतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि दोन्हीकडे सारखीच.

मालिशीने ती दुखावलेली नस भरून येत नाही. तसं सांगून पैसे घेणारा कोणी भेटला तर सरळ घरी परत या. पण दुखण्याच्या धास्तीने आखडलेल्या पोटऱ्या सैल होतात, मन निवतं, झोप लागते. यावरचे अभ्यास लहान आहेत, तरी रोज रात्री जागणाऱ्या बाईला दोन-तीन तास सलग झोप मिळणं मी फार मोठं मानते.

मावशींना एवढं सांगा : जोर नको, रगडणं नको. अगदी हलका, वरवर फिरणारा हातही नको; तुमच्यासारख्या पायांना तोच जास्त झोंबतो. पूर्ण तळहात टेकवून, सावकाश, एकसारखा दाब. आधी पोटऱ्या, मग घोटे, तळपाय शेवटी. तळपाय सोसतच नसेल त्या दिवशी पाठ आणि खांदे चोळून घ्या, त्यानेही झोप येते. तेल कोमट हवं आणि ते मावशींनी आपल्या मनगटावर पाहावं, कारण तुमच्या पायाला चटका कळेलच असं नाही. त्याच कारणाने गरम पाण्याची पिशवी आणि कढत पाण्यात पाय बुडवणं बंद. झाल्यावर बोटांच्या बेचक्यांतलं तेल पुसून घ्या, आणि तळवे कोरडे केल्याशिवाय उठू नका. फरशीवर पाय सटकतो.

काशाच्या वाटीबद्दल बरेच जण विचारतात. तळवा काळा झाला की ‘उष्णता निघाली’ म्हणतात, पण तो काळेपणा धातूचा आणि तेलाचा असतो. वाटीने बरं वाटत असेल तर हरकत नाही, पण बधिर पायावर ती घासून साल निघाली तरी कळत नाही. म्हणून मी हातच सुचवते. हाताला बरंच काही सापडतंही. आमच्याकडच्या एका आजोबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून बसला होता. चपलेतून आरपार गेलेला, तरी त्यांना पत्ता नव्हता. तेल लावताना सुनेच्या अंगठ्याला टोचला म्हणून कळलं. तोवर आत पू धरला होता. मावशींना रोज तळवे नीट बघायला सांगा.

पुढच्या तारखेची वाट न बघता केंद्रातल्या डॉक्टरांना पायांबद्दल सांगा. रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. टीबीच्या किंवा टीबी होऊ नये म्हणून दिलेल्या आयसोनियाझिड या औषधानेही हाच त्रास होतो, त्यासोबत बी-६ जीवनसत्त्व घ्यावं लागतं. मात्र दुकानातून आणून बी-६ भरमसाट घेऊ नका, अतिरेकाने नसाच बिघडतात. गावातल्या दवाखान्यात पायांच्या चमकांवर कार्बामाझेपिन हे औषध लिहून दिलं, तर केंद्राला विचारल्याशिवाय घेऊ नका. तुमच्या एआरटीच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध असेल तर त्याचा असर कार्बामाझेपिनने कमी होतो.

आणि एकाच पायाची पोटरी सुजून गरम, दुखरी झाली, तर मालिश अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पायातली ताकद जायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तरीही तसंच.