परदेशी ऑफिसात ‘मला वाटतं’

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफर हातात आहे, तीन महिन्यांत निघायचंय, इंग्रजी लिहिता-वाचता चांगलं येतं. पण मुलाखतीनंतर ऐकवलं गेलं की तुमची मतं एक तर हुकूम सोडल्यासारखी येतात, नाहीतर येतच नाहीत. मुलाखतीतलं ‘धिस प्लॅन विल नॉट वर्क’ हे तुमचं वाक्यही तुम्ही दिलंय. मग आता व्याकरणाचं पुस्तक पुन्हा काढू का, असं विचारताय.

पुस्तक राहू द्या. मी अकरा वर्षं बाहेर आहे. माझी सगळ्यात मोठी फजिती काळ चुकल्यामुळे झाली नाही, ती ‘वाटणं’ या एका क्रियापदापायी झाली. आपलं ‘वाटतं’ फार सोयीचं आहे. उशीर होईल असं वाटतं, तो खोटं बोलतोय असं वाटतं, एकटं वाटतं, थांबावंसं वाटतं. अंदाज, संशय, भावना, इच्छा, सगळं एकाच शब्दात भागतं. इंग्रजीत मात्र तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं की हे मत आपल्यापर्यंत आलं कुठून आणि त्याची खात्री किती.

पहिल्या वर्षातली गोष्ट. एका रिपोर्टमधला एक आकडा मला खटकला. शंका आली, म्हणून मीटिंगमध्ये म्हणाले, ‘आय डाउट धिस फिगर इज राँग.’ मॅनेजर म्हणाली, ‘ग्रेट,’ आणि पुढच्या स्लाइडवर गेली. मला वाटलं, आता कुणीतरी तपासेल. रिपोर्ट तसाच क्लायंटकडे गेला आणि आकडा चुकलेलाच निघाला. मी म्हटलं, मी तर आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘बट यू सेड इट वॉज फाइन!’ तिचं बरोबर होतं. ‘डाउट’च्या पुढे जे येतं ते खरं नसावं, असं त्या शब्दानं सांगितलं जातं. म्हणजे मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, ‘हा आकडा चुकीचा असेल असं मला वाटत नाही.’ मला हवं होतं ‘आय सस्पेक्ट’. आपल्या ‘शंका’त दोन्ही मावतात, म्हणून हा घोळ होतो. ‘डाउट’ म्हणजे नसावं, ‘सस्पेक्ट’ म्हणजे असावं. एवढं पाठच करून टाका. आणि प्रश्न विचारायचा असेल तेव्हा ‘आय हॅव अ डाउट’ म्हणू नका. समोरच्याला वाटतं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. सरळ ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

दुसरी सवय ‘मला वाटतंय’मधल्या ‘य’ची. त्याचं आपण ‘आय ॲम थिंकिंग दॅट वी शुड वेट’ करतो. मत सांगताना नुसतं ‘आय थिंक वी शुड वेट’. ‘थिंकिंग’ म्हणजे डोक्यात विचार चालू आहे, अजून कुठे पोचलेला नाही: ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट.’ ‘बिलीव्ह’चंही तसंच. थकवा असेल तर ‘आय फील टायर्ड’ आणि ‘आय ॲम फीलिंग टायर्ड’ दोन्ही चालतं, पण मत असेल तर ‘आय फील’च.

नकाराच्या बाबतीत मराठी आपल्या मदतीला आहे, आपणच ती मदत घेत नाही. ‘मला नाही वाटत तो येईल’ असं आपण रोज म्हणतो. इंग्रजीतही नेमकं तसंच: ‘आय डोन्ट थिंक ही विल कम.’ पण इंग्रजी बोलताना आपण सावध होतो आणि ‘आय थिंक ही विल नॉट कम’ म्हणतो. ते चूक नाही, पण पाय आपटून सांगितल्यासारखं ऐकू येतं. ‘होप’ मात्र हा नकार स्वतःवर घेत नाही. ‘आय डोन्ट होप सो’ कुणी म्हणत नाही, ‘आय होप नॉट’ म्हणतात.

‘सपोज’ आपण ‘समजा’सारखं वापरतो, ‘सपोज ट्रेन चुकली तर’. तिकडचं ‘आय सपोज सो’ म्हणजे ‘बरं बाबा, तसं तर तसं’. माझं डिझाइन घ्यायचं का, असं मी एकदा सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘आय सपोज सो.’ मी खूश! त्याला ते आवडलं नव्हतं हे महिन्याभरानं कळलं. ‘गेस’ अमेरिकेत जास्त, ‘रेकन’ ब्रिटन-ऑस्ट्रेलियात. दोन्हींचा अर्थ साधं ‘वाटतं’. ऐकून ओळखा, लगेच वापरायची घाई नको.

माझं आवडतं क्रियापद ‘फाइंड’. ‘आय फाइंड धिस सॉफ्टवेअर स्लो’ म्हणजे मी ते वापरलंय आणि मला ते संथ वाटलं. नुसत्या ‘आय थिंक’शी लोक वाद घालतात, ‘आय फाइंड’पुढे जरा थांबतात, कारण अनुभव तुमचा असतो. अर्थात न वापरताच म्हणालात तर ती थापच झाली. ऐकीव गोष्टीला आपल्याकडे काय सुंदर ‘म्हणे’ आहे! ‘ती नोकरी सोडतेय म्हणे.’ तिकडे ‘आय गॅदर शी इज लीव्हिंग’. आणि ईमेलमध्ये दुसऱ्याचं म्हणणं सांगताना ‘यू क्लेम्ड’ लिहू नका. त्यात ‘तुम्ही म्हणता खरं, पण मला पटत नाही’ असा वास येतो. ‘यू मेन्शन्ड’ लिहा.

‘बिलीव्ह’ची गंमत वेगळीच. तत्त्वाच्या गोष्टीत ते ठाम असतं. पण ‘आय बिलीव्ह द मीटिंग इज ॲट थ्री’ म्हणजे ‘माझ्या माहितीप्रमाणे तीनला आहे’, खात्री थोडी कमीच. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नात किमान 250 शब्द लिहायचे असतात आणि अनेकदा थेट मतच विचारतात. तिथे प्रत्येक परिच्छेद ‘आय फर्मली बिलीव्ह’नं सुरू करू नका, पाठांतर लगेच दिसतं. ‘माझ्या मते’चं ‘अकॉर्डिंग टू मी’ही नको. ‘अकॉर्डिंग टू’ दुसऱ्याच्या मतासाठी. स्वतःसाठी ‘इन माय ओपिनियन’, नाहीतर साधं ‘आय थिंक’. ‘ॲग्री’ स्वतःच क्रियापद आहे, त्याच्याआधी ‘ॲम’ लावू नका. आणि कुणी ‘आय ॲम नॉट शुअर आय ॲग्री’ म्हणालं तर तो बहुतेक वेळा नकारच समजा, पटवत बसू नका.

आता तुमचं वाक्य. मी असते तर म्हणाले असते, ‘आय सस्पेक्ट धिस प्लॅन वोन्ट वर्क विथ अ स्मॉल टीम. वी ट्राइड समथिंग सिमिलर, अँड वी फाउंड द टेस्टिंग टूक टू लाँग.’ तुम्ही खरंच तसं काही केलं असेल तरच दुसरं वाक्य जोडा. केलं नसेल तर ‘आय डोन्ट थिंक’वर भागवा आणि कारण द्या. मुलाखतीतली आणखी वाक्यं आठवत असतील तर जशीच्या तशी पाठवा, सुधारून नको.