पिकातलं वर्तुळ जमिनीवरून वाचताना

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये इंग्लंडात विल्टशरला जाताय, तिथे एखाद्या क्रॉप सर्कलमध्ये, म्हणजे उभं पीक आडवं पाडून शेतात उमटवलेल्या नक्षीत, उतरायला मिळालं तर काय तपासायचं आणि ड्रोन नसताना फोटो कसे काढायचे. मी तीन उन्हाळे ती शेतं पायी फिरले आहे.

आधी शेतकऱ्याची परवानगी घ्या. नुकसान त्याचं झालेलं असतं, आणि नंतर येणारे बघे त्यात भर घालतात. आत शिरायचं ते फवारणीच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्यांमधूनच. बहुतेक नक्ष्या कुठे ना कुठे चाकोरीला भिडतात, त्यामुळे पिकाचं एकही ताट (दांडा) न मोडता पोचता येतं.

आत उभं राहिल्यावर आकृती दिसत नाही. पहिल्या वेळी मी हिरमुसले होते. 2001 मध्ये विल्टशरच्या मिल्क हिल या टेकडीवर 409 वर्तुळांची नक्षी उमटली होती, दोनशे मीटरहून जास्त पसरलेली. तिच्या मधोमध उभ्या माणसालाही उभा गहू आणि आडव्या वाटाच दिसल्या असणार. पण जमिनीवर कळतं ते वरून कधीच कळत नाही: कोणतं ताट आधी पडलं. जिथे दोन दिशा एकमेकींना भेटतात तिथे उकिडवं बसा आणि वरचा थर हलक्या हाताने उचला. खाली वेगळ्या दिशेला दबलेली अरुंद पट्टी सापडली तर ती आधी आखून घेतलेली रेघ. मध्यभागी दोरीचा खुंट रोवल्याची खूण शोधा. डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोघा इंग्रजांनी 1991 मध्ये फळी आणि दोरी वापरून वर्तुळं केल्याची कबुली दिली होती. ही माणसांचीच कामं आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि उन्हाळ्यातली तिथली रात्र किती लहान असते ते पाहिल्यावर त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढलाच.

ताटाच्या गाठी मात्र नीट बघा, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. हिरवं ताट आडवं पडलं की गाठीच्या खालच्या बाजूच्या पेशी लांबतात आणि एक-दोन दिवसांत ताट गाठीपाशी वर वळू लागतं. अशा वाकलेल्या, लांबलेल्या गाठींना कुणी गूढ ऊर्जेचा पुरावा म्हणतात. त्याच शेतात वाऱ्यापावसाने लोळलेला गहू असेल तर त्याच्याही गाठी तपासा, तशाच वाकलेल्या दिसतील. पीक पूर्ण पिकून वाळलं असेल तर गाठी वळत नाहीत, ताट नुसतं मोडतं.

फोटो पाऊल टाकायच्या आधी, चाकोरीत उभं राहूनच सुरू करा. दुपारचं ऊन टाळा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात आडवं पीक मखमलीसारखं वागतं, एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने गडद. म्हणून एकच जागा दोन्ही बाजूंनी टिपा. कॅमेरा गुडघ्याखाली धरा, जवळच्या फोटोत मोजपट्टी ठेवा आणि उत्तर दिशा लिहून ठेवा. उंचीसाठी लांब काठीला कॅमेरा बांधून टायमर लावला तरी पुष्कळ फरक पडतो, आणि समोर टेकडी असेल तर सरळ तिच्यावर चढा.

जमलं तर दोन दिवसांनी परत जा आणि त्याच मोजपट्टीशेजारी त्याच ताटांचा पुन्हा फोटो घ्या. पीक हिरवं असेल तर ओंब्या जमिनीवरून उठू लागलेल्या दिसतील.